पडद्यावर न दिसलेला खडक

२९ नोव्हेंबर २०१४ची संध्याकाळ. मॉरिशसच्या ईशान्येला सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर हिंदी महासागरात अंधार पडू लागला होता. ‘टीम व्हेस्टास विंड’ ही शर्यतीची शीडनौका केपटाऊनहून अबूधाबीकडे निघाली होती. वारा मनासारखा होता. वेग होता १९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३५ किलोमीटर. शिडाच्या नौकेसाठी हा वेग म्हणजे भरधाव धावणेच. नौकेवर नऊ जण होते आणि त्यातले बहुतेक जगभरची सागरी शर्यत आधीही करून आलेले, मुरलेले खलाशी होते.

त्याच वेगात नौका कार्गाडोस काराजोस नावाच्या प्रवाळभिंतीवर जाऊन आदळली. नौकेच्या पोटाखालचा पावणेपाच मीटर खोल जाणारा पंखा, ज्याला ‘कील’ म्हणतात, तो खडकावर बसला, सुकाणू मोडले आणि लाटा नौकेला उचलून प्रवाळावर आपटू लागल्या. रात्रीचे काही तास ही मंडळी त्या मोडक्या नौकेवरच थांबली. शर्यतीतली दुसरी एक नौका, ‘टीम अल्विमेडिका’, शर्यत बाजूला ठेवून जवळच्या खोल पाण्यात त्यांच्यासाठी थांबून राहिली. पहाटेपूर्वी सगळे जण गुडघाभर पाण्यातून आणि तराफ्यांच्या आधाराने खडकाच्या कोरड्या भागावर गेले. उजाडल्यावर जवळच्या बेटावरच्या तटरक्षकांच्या छोट्या बोटीने त्यांना उचलले. नऊच्या नऊ जण सुखरूप राहिले. ज्या वेगाने धडक बसली ते पाहता हे नशीबच म्हणायचे.

पुढे शर्यतीच्या आयोजकांनी तीन तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमली. मार्च २०१५मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचताना धक्का बसतो तो यामुळे, की यंत्र बिघडलेले नव्हते. उपग्रहावरून मिळणारे नौकेचे स्थान अचूक होते. संगणक चालू होता. आणि ती प्रवाळभिंत त्या संगणकातल्या नकाशात होतीच. पोर्तुगीज खलाशांनी तिला नाव दिले त्याला काही शतके झाली. चाळीस-पन्नास किलोमीटर लांबीची ही भिंत काही कालपरवा उगवलेली नव्हती.

मग चुकले कुठे? शर्यतीचा हा टप्पा सुरू होण्याच्या अगदी तोंडावर मार्गाच्या निर्बंधात बदल झाला होता आणि आधी बंद असलेला समुद्राचा हा भाग नौकांना खुला झाला. नॅव्हिगेटरने घाईत या नव्या भागाचा नकाशा पाहिला, तो लांबून, मोठा प्रदेश एकदम दिसेल अशा आकारात. त्या आकारात पडद्यावर फक्त थोडा उथळ समुद्र दिसत होता. चाळीसेक मीटर पाणी असेल, नौकेला पाच मीटरही पुरतात, तेव्हा काळजीचे कारण नाही, असा त्याचा समज झाला. नकाशा आणखी दोन-चार पायऱ्या मोठा करून पाहिला असता, तर त्या निळ्या रंगातून प्रवाळभिंत बाहेर आली असती.

दोन बोटे पडद्यावर ठेवून चित्र मोठे करायचे, एवढीच ती कृती. आज ती लहान मूलही करते.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची असली तरी आता ती अधिक लोकांच्या कामाची झाली आहे. तेव्हा असे नकाशे मुख्यतः शर्यतीच्या आणि महागड्या नौकांच्या संगणकांवर असत. आता युरोप-अमेरिकेत शिडाची छोटी नौका घेऊन सुट्टीला निघणाऱ्या कुटुंबापासून मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हौसेने शीड उभारणाऱ्यापर्यंत बहुतेकांच्या हातात टॅब्लेट असतो आणि त्यात त्या किनाऱ्याचा सागरी नकाशा असतो. नौकेसाठी खास बनवलेल्या ‘चार्टप्लॉटर’ या यंत्रापेक्षा हा मार्ग पुष्कळ स्वस्त पडतो. शिवाय टॅब्लेट वापरायचा कसा हे कोणाला शिकवावे लागत नाही. नेमकी ही सहजताच कधी कधी फसवते.

कागदाचे चित्र आणि माहितीचा साठा

इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ‘रास्टर’. कागदी नकाशाचा फोटो काढून पडद्यावर ठेवला, असे समजा. कागदावर जे आहे ते सगळे त्यात दिसते. लहान केला तर अक्षरे बारीक होतात, मोठा केला तर फाटल्यासारखा दिसतो, पण त्यातला खडक नाहीसा होत नाही.

दुसरा प्रकार ‘व्हेक्टर’. आज टॅब्लेटवर बहुतांश हाच चालतो. यात चित्र साठवलेले नसते, माहिती साठवलेली असते. या अक्षांश-रेखांशावर खडक, इथे दहा मीटर खोली, तिथे लाल बोया, अशी नोंद. पडद्यावरचे चित्र संगणक त्या क्षणी काढतो. आता पाचशे किलोमीटरचा समुद्र हाताएवढ्या पडद्यावर दाखवायचा, तर सगळ्या नोंदी दाखवल्यास आकड्यांची खिचडी होईल. म्हणून कोणती खूण किती जवळून पाहिल्यावर दाखवायची, हे नकाशातच ठरवून दिलेले असते. लांबून पाहताना बारीकसारीक तपशील गाळले जातात. या गाळणीत कधी बोयाचे नाव जाते, तर कधी खडक जातो.

रस्त्याच्या नकाशातही हेच घडते. राज्याचा नकाशा उघडला तर आपली गल्ली दिसत नाही, आणि त्याचे काही बिघडतही नाही, कारण गल्ली आपोआप चाकाखाली येऊन आपल्याला बुडवत नाही. समुद्रात मात्र न दिसलेल्या तपशिलावरून नौका जाणार असते. म्हणून अनुभवी नॅव्हिगेटर पडद्यावर आखलेला मार्ग निघण्यापूर्वी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या आकारात, तुकड्यातुकड्याने पाहून घेतात. हजारो मैलांच्या प्रवासात हे काम अतिशय कंटाळवाणे असते. पण ते बंदरात, स्थिर टेबलावर, पोटभर जेवून करता येते, हीच त्यातली सोय आहे.

याच्या उलटही एक चूक होते. जिथली पाहणीच ढोबळ आहे, तिथला नकाशा बोटांनी ताणून मोठा केला तर पडदा तक्रार न करता तो दाखवतो. रेषा ठळक, आकडे स्वच्छ. खोलीचा एक आकडा आणि दुसरा आकडा यांच्यामध्ये प्रत्यक्षात काय आहे, हे तिथे कोणीच मोजलेले नसते. कागदी नकाशावर आकडे विरळ दिसले की खलाशाला आपोआप शंका येई. गुळगुळीत रंगाने भरलेल्या पडद्यावर ती शंका येत नाही.

स्थान अचूक, नकाशा जुना

टॅब्लेटला आपण कुठे आहोत हे कळते कसे? जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत सतत वेळेचा संदेश पाठवतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला यावरून अंतर निघते. किमान चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की स्थान ठरते. रेडिओलहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते, म्हणजे वेळ किती काटेकोर मोजावी लागत असेल याची कल्पना येईल. मे २०००पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही स्थान पाचेक मीटरच्या आत सांगतो. यासाठी इंटरनेट लागत नाही, मोबाइलचा टॉवर लागत नाही. भर समुद्रातही हे चालते.

पण त्यासाठी आत जीपीएसची चिप हवी, आणि इथे पुष्कळ जण फसतात. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये ही चिप नसते. घरी तो ठिकाण बरोबर दाखवतो, कारण आसपासच्या वाय-फायच्या खुणांवरून तो अंदाज बांधतो. किनारा सुटला की तो अंदाजही सुटतो. सिमकार्ड घालता येणाऱ्या प्रकारात चिप असते आणि सिम न घालताही ती काम करते. बहुतेक लॅपटॉपमध्येही ती नसते. त्यांना यूएसबीला जोडायचा छोटा जीपीएस ग्राहक घ्यावा लागतो किंवा नौकेवरच्या उपकरणांकडून वाय-फायने माहिती घ्यावी लागते. दुसरी फसगत नकाशांची. ते आधी उतरवून ठेवावे लागतात. बंदर सोडून दोन तास झाल्यावर पुढच्या भागाचा कोरा निळा चौकोन पडद्यावर आला, तर तिथे नेटवर्क नसते.

समजा स्थान पाच मीटरच्या आत कळले. पण ज्या नकाशावर तो ठिपका ठेवायचा, तो किती अचूक? जगातल्या कितीतरी किनाऱ्यांवर अजून एकोणिसाव्या शतकातल्या पाहणीचे आकडे वापरात आहेत. त्या वेळी दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजत आणि सूर्य-ताऱ्यांवरून स्थान काढत. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्याचे नकाशे यासाठी खलाशांमध्ये प्रसिद्ध आहेत. तिथे नांगर टाकून उभी असलेली नौका पडद्यावर डोंगरात उभी दिसते. कारण नकाशातला किनारा प्रत्यक्षापासून मैल-मैलभर सरकलेला आहे. जुन्या खलाशाचे स्थानही मैलभर चुकत असे, त्यामुळे तो खडकापासून लांबूनच जाई. आजचा खलाशी पाच मीटरच्या भरवशावर खडकाला घासून जायला बघतो आणि खडकाची जागा मात्र दीडशे वर्षांपूर्वीची असते.

अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशात याची माहिती दिलेली असते. समुद्राच्या प्रत्येक भागाला विश्वासार्हतेची श्रेणी असते. सर्वांत वरच्या श्रेणीत एखाद्या गोष्टीची जागा पाच मीटरच्या आत बरोबर असते, ‘क’ म्हणजे ‘सी’ श्रेणीत पाचशे मीटरपर्यंत चूक असू शकते, आणि त्याखालच्या ‘डी’ श्रेणीत त्याहूनही जास्त. ही माहिती एका वेगळ्या थरात असते. तो थर मुद्दाम उघडावा लागतो, आणि दिसायला तो काही फारसा आकर्षक नसतो.

मुंबई बंदराची पाहणी उत्तम झालेली आहे, तिथे हा प्रश्न नाही. तिथला प्रश्न भरती-ओहोटीचा. नकाशातली खोली ही अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. उधाणाच्या भरतीला मुंबईत पाणी त्या पातळीच्या वर साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, भांगाच्या दिवसांत चढउतार पुष्कळ कमी असतो. म्हणजे ज्या जागेवर नकाशात एक मीटर खोली लिहिली आहे, तिथून दुपारी दोन मीटर बुडणारी नौका आरामात जाईल आणि सहा तासांनी त्याच जागी चिखलात बसेल. पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळी एकच असतो. भरतीचे वेळापत्रक डोक्यात ठेवणाऱ्या तांडेलाला हे सांगावे लागत नाही. पडद्याकडे बघून नाव चालवायला शिकलेल्याला सांगावे लागते.

डेकवर पडदा नव्हता म्हणून

या सगळ्याचा अर्थ टॅब्लेट किनाऱ्यावर ठेवून निघावे असा नाही. २०१७मध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री जगप्रदक्षिणेच्या दुसऱ्या एका शर्यतीतली नौका केपटाऊनहून निघून काही तासांतच दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चढली. माणसे वाचली, नौका गेली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली. नौकेवर नकाशाचा पडदा होता, पण तो खाली केबिनमध्ये. कप्तान वर डेकवर अननुभवी सहकाऱ्यांना शीड वळवण्याबद्दल सांगण्यात गुंतला होता आणि किनारा किती जवळ आला हे कोणी पाहत नव्हते. सुकाणूजवळ, नजरेसमोर नकाशा दिसायला हवा, हा त्या चौकशीतून निघालेला मुद्दा. सुकाणूजवळ नकाशा आणण्याचा आजचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे टॅब्लेटच.

लॅपटॉपची जागा वेगळी. तो खाली केबिनमध्ये बरा. हवामानाच्या अंदाजाची ‘ग्रिब’ नावाची छोटी फाइल उपग्रह फोनवरूनही मिळते. नौका किती वाऱ्यात, वाऱ्याशी किती कोन करून, किती वेगाने जाते याचा तक्ता दिला की लॅपटॉप पुढच्या आठवड्याच्या वाऱ्याप्रमाणे मार्ग सुचवतो. हे काम पूर्वी रेडिओवरचे अंदाज ऐकून आणि वायुभारमापकाच्या काट्याकडे बघून होत असे. फिजीच्या आणि फ्रेंच पॉलिनेशियाच्या समुद्रात फिरणारे खलाशी याहून एक पाऊल पुढे गेले आहेत. तिथले नकाशे कच्चे, पण पाणी काचेसारखे स्वच्छ. म्हणून ते उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे ‘ओपनसीपीएन’ या मोफत प्रणालीत नकाशावर अंथरतात. पाण्याखालचे प्रवाळाचे उंचवटे त्यात तपकिरी ठिपक्यांसारखे दिसतात. कागदी नकाशाच्या काळात असे काही करणे शक्यच नव्हते.

आसपासची जहाजे दाखवणाऱ्या ‘एआयएस’बद्दलही थोडे सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आपले नाव, स्थान, दिशा आणि वेग रेडिओवरून प्रसारित करणे बंधनकारक आहे. नौकेवर ग्राहक असेल तर ती जहाजे टॅब्लेटवर त्रिकोणासारखी दिसतात आणि अंधारात मोठाच आधार होतो. मात्र इंटरनेटवरून जहाजे दाखवणारी मोबाइल अॅप वेगळी. त्यांतले स्थान काही मिनिटे जुने असू शकते, आणि मालवाहू जहाज तेवढ्या वेळात दोन मैल पुढे गेलेले असते. शिवाय लहान मासेमारी नौकेवर हे यंत्र असेलच असे नाही. पडद्यावर त्रिकोण नाही म्हणजे समोर कोणी नाही, असे मानून रात्री कोकणच्या समुद्रात शिरणारा जाळ्यात अडकतो.

डोळे, कान आणि पोट

रात्री पडद्याचा त्रास आणखी एका कारणाने होतो, आणि तो आपल्याच डोळ्यात असतो. अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मार्ग पाहण्यासाठी पांढऱ्या झगझगीत पडद्याकडे दहा सेकंद पाहिले, की ही सगळी कमाई गेली. मान वर केल्यावर समोरची दिवा नसलेली होडी, तरंगता ओंडका किंवा फुटणाऱ्या लाटेची पांढरी रेघ पुढची काही मिनिटे दिसत नाही. लाल प्रकाशाचा दंडपेशींवर सर्वांत कमी परिणाम होतो, म्हणून नौकांवर रात्री लाल दिवे असतात आणि नॅव्हिगेशनच्या चांगल्या अॅपमध्ये रात्रीचा गडद-लाल पडदा असतो. काही टॅब्लेटचा उजेड अगदी कमी केला तरी जास्तच वाटतो. तिथे खलाशी सरळ लाल पारदर्शक कागद चिकटवतात.

दिवसा उलटी तऱ्हा. उन्हात पडदा फिका पडतो. पाण्यावरची चकाकी टाळणारा ध्रुवीकृत चष्मा घातला असेल, तर टॅब्लेट विशिष्ट कोनात धरल्यावर पडदा पूर्ण काळा दिसतो. यंत्र बंद पडले असे समजून लोक बटणे दाबत सुटतात. टॅब्लेट आडवा करून पाहावा, नकाशा परत येतो.

केबिनमध्ये लॅपटॉपपुढे बसणाऱ्याची अडचण पोटाची. समोरचा पडदा आणि केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात, पण अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगत असतो की सगळे डोलते आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. बारीक अक्षरे वाचताना ती झपाट्याने वाढते. वर येऊन क्षितिजाकडे पाहिले की डोळे आणि कान पुन्हा एकमताने बोलू लागतात. बोट लागू नये म्हणून जी गोळी घेतात (तिलाही इंग्रजीत टॅब्लेटच म्हणतात, हा योगायोग) त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. रात्रीच्या पहाऱ्यावर झोप आलेला नॅव्हिगेटर म्हणजे नवीनच संकट. म्हणून गोळी कोणती आणि कधी, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे, आणि मार्गाची आखणी बंदरातच उरकलेली त्याहून बरी.

समुद्रातल्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२चे आहेत. त्यांतला पाचवा नियम प्रत्येक नौकेने सतत पहारा ठेवावा असे सांगतो, आणि साधनांमध्ये डोळे आणि कान यांचा उल्लेख पहिला करतो. टॅब्लेटवर आपली नौका खेळातल्यासारखी सरकताना दिसते, मान खाली जाते, ती खालीच राहते. रस्त्यावर मोबाइलमध्ये बघत चालणारी माणसे रोज दिसतात. त्यामुळे हे पटवून द्यायची गरज नसावी.

ऊन, मीठ आणि वीज

टॅब्लेट समुद्रासाठी बनवलेला नसतो. आयपॅडसाठी बनवणारी कंपनी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगते. एप्रिल-मे महिन्यांत कोकण किनाऱ्यावर सावलीतच पारा तिथवर जातो. उन्हात, वर पडद्याचा उजेड पूर्ण आणि चार्जिंग चालू असेल, तर टॅब्लेट स्वतःच्या बचावासाठी तापमानाचा इशारा दाखवून बंद होतो. तो सावलीत नेऊन गार होईपर्यंत नकाशा नाही. बंदराच्या अरुंद तोंडाशी हे घडले तर काय होईल, याचा विचार आधी करून ठेवावा लागतो.

पाण्याचा त्रास वेगळाच. टॅब्लेटचा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही, तर बोटातून होणारा विद्युतभाराचा बदल ओळखतो. खारे पाणीही वीज वाहून नेते. त्यामुळे तुषार उडाले की पडद्याला दहा बोटे लागल्यासारखे वाटते. नकाशा आपोआप सरकतो, आकार बदलतो, कधी आखलेला मार्गच पुसला जातो. ओल्या बोटाला मात्र तो दाद देत नाही. जलरोधक आवरण घालून पाणी आत जात नाही, पण हा गोंधळ पुरता थांबत नाही. म्हणूनच खास चार्टप्लॉटरवर अजून खरी बटणे ठेवतात. चार्जिंगच्या बारीक छिद्रात मीठ साचून ते गंजते, ते निराळेच.

विजेचा हिशेब साधा आहे. मध्यम आकाराच्या नौकेवर १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असेल, तर तिच्यात १,२०० वॅट-तास ऊर्जा असते आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी लागते. ४० वॅटचा लॅपटॉप दिवसरात्र चालवला तर ९६० वॅट-तास लागतात, म्हणजे एका दिवसातच मर्यादा ओलांडली. १० वॅटच्या टॅब्लेटला २४० पुरतात. फ्रिज, दिवे आणि रेडिओ बाकीच आहेत. लांबच्या प्रवासात लॅपटॉप गरजेपुरता उघडून मिटतात, ते याचमुळे.

सेक्स्टंट घेऊन निघालेला खलाशी

आणि समजा उपग्रहाचा संदेशच खोटा निघाला तर? जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ वीसेक जहाजांचे जीपीएस एकदमच त्यांना जमिनीवर, गेलेंजिकच्या विमानतळावर दाखवू लागले. उपग्रहाचा संदेश पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. त्याच पट्ट्यात जवळून जोरदार खोटा संदेश सोडला की ग्राहक फसतो. त्यानंतर युद्धाच्या छायेतल्या समुद्रांत हे वारंवार घडू लागले आहे. अशा वेळी टॅब्लेट, लॅपटॉप, चार्टप्लॉटर आणि मोबाइल चारही एकमताने चूक सांगतात, कारण चौघांचा स्रोत एकच. खोलीमापक, होकायंत्र आणि किनाऱ्यावरचे दीपगृह यांचा स्रोत निराळा असतो.

उपग्रहाशिवाय आजही जगप्रदक्षिणा होते, हे एका भारतीय खलाशाने दाखवले. ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत १९६८ सालच्या तंत्रज्ञानावरच नौका चालवावी लागते. कागदी नकाशे, होकायंत्र, सूर्याची उंची मोजणारा सेक्स्टंट. जीपीएस बरोबर असते, पण सीलबंद पेटीत, फक्त संकटासाठी. नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०१८च्या शर्यतीत वादळात सापडून पाठीला जबर जखमी झाले. सावरून ते २०२२मध्ये पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २०१२-१३मध्ये त्यांनी एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा केली होती, तेव्हा उपग्रहाची साधने हाताशी होती. दोन्ही रीती पुरत्या जगलेली माणसे जगात फार थोडी आहेत.

हौशी खलाशाला इतके जमणार नाही, जमावे अशी अपेक्षाही नाही. ‘जोडीला कागदी नकाशा ठेवा’ हा सल्ला मात्र वर्षानुवर्षे दिला जातो, आणि आता तोही अवघड होत चालला आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने पारंपरिक कागदी नकाशे बंद करण्याचे २०१९मध्ये जाहीर केले आणि २०२५च्या सुरुवातीपर्यंत ते काम पुरे केले. ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाने आधी २०२६ ही मुदत दिली होती. ती पुढे ढकलून कागदी नकाशे किमान २०३०पर्यंत चालू ठेवायचे ठरवले. म्हणजे जोडीला काही ठेवायचे ते बहुधा दुसरे यंत्रच असणार. ते निराळ्या बॅटरीवर चालणारे, निराळ्या कंपनीचे नकाशे असलेले आणि नौकेच्या विजेपासून सुटे ठेवलेले हवे. वीज पडली तर तारांनी जोडलेली सगळी साधने एका क्षणात जाऊ शकतात. म्हणून गडगडाट सुरू झाला की काही खलाशी मोबाइल आणि हातातले जीपीएस उचलून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवतात. धातूच्या बंद डब्यात विद्युतक्षेत्र शिरत नाही, या तत्त्वावरची ही युक्ती आहे. ओव्हन पेटवण्यापूर्वी आत डोकावायचे, एवढे लक्षात ठेवावे लागते.

आणि एक वही. दर तासाला घड्याळातली वेळ, अक्षांश-रेखांश, होकायंत्रावरची दिशा आणि वेग तिच्यात पेन्सिलीने लिहितात, कारण शाई ओलीने पसरते. पडदा दुपारी दोन वाजता काळा झाला आणि शेवटची नोंद एकची असेल, तर ताशी सहा सागरी मैलांनी, म्हणजे ११ किलोमीटरांनी, ईशान्येकडे एक तास झाला एवढे कळते. शेवटच्या ठिकाणापासून पट्टीने तेवढी रेघ ओढायची, प्रवाह आणि वाऱ्याने नौका किती वाहवली असेल त्याचा अंदाज धरायचा आणि टोकाभोवती मैल-दोन मैलांचे वर्तुळ काढायचे. नौका त्या वर्तुळात कुठेतरी असते. वर्तुळाच्या कडेला खडक असेल, तर वळायचे.